सवाईला पहिल्यांदा जाताना कुठे बसावं

पहिल्यांदाच सवाईला, म्हणजे पुण्यातल्या शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जातोयस, तर अगदी पुढे घुसायची घाई करू नकोस. पुढच्या कोपऱ्यात स्पीकरच्या तोंडाशी बसलास तर तंबोऱ्यांची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, नीट कानी पडणार नाही, आणि दोन तासांत कान बधिर होतील ते वेगळंच.

मांडवात शिरल्यावर आधी साउंडवाल्यांचं मिक्सर कुठे आहे ते बघ. तिथला माणूस स्वतःच्या कानांनी ऐकून आवाज जुळवत असतो. त्यामुळे त्याच्या जरा पुढे, मधोमध, जे ऐकू येतं ते सगळ्यात समतोल. मी वर्षानुवर्षं तिथेच बैठक मारतो. फार मागे जाऊ नकोस. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ७० मीटरवर एक पंचमांश सेकंदाचा उशीर. तबल्यावर थाप पडलेली आधी दिसते, मग ऐकू येते. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, मान हलवायची सगळी मजाच जाते रे!

बघायचंही असेल तर मध्यापासून किंचित उजवीकडे सरक. तबलजी बहुधा गायकाच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या डावीकडे बसतात आणि गायकाकडे थोडे वळलेले असतात. उजवीकडून त्यांची बोटं स्वच्छ दिसतात. खांबामागची जागा मात्र फुकट मिळाली तरी नको.

भारतीय बैठकीत बसणार असशील तर लवकर पोच. जाड सतरंजी, शाल आणि कानटोपी घे, डिसेंबरात रात्री जमीन गार पडते. टोपी गाणं सुरू झालं की कानांवरून वर सरकव.