पिंग लागतो, पण दोन स्विचमधला एमएसडीपी (मल्टिकास्टच्या चालू सोर्सची माहिती एकमेकांना देणारा प्रोटोकॉल) पिअर 'अप' होत नाही, काय तपासू?

आधी दोन्हीकडचा कनेक्ट-सोर्स, म्हणजे कनेक्शन ज्या इंटरफेसच्या पत्त्यावरून सुरू होतं तो, तपासा. एका स्विचवर पिअर म्हणून दिलेला आयपी पत्ता हा समोरच्याच्या कनेक्ट-सोर्स लूपबॅकचाच (स्विचमधल्या आभासी इंटरफेसचाच) पत्ता असायला हवा, नाहीतर समोरचा स्विच अनोळखी पत्त्यावरून आलेलं कनेक्शन नाकारतो. एमएसडीपी टीसीपी पोर्ट 639 वर चालतो आणि त्याची व्याख्या करणाऱ्या आरएफसी 3618 नुसार लहान आयपी असलेला पिअर कनेक्शन सुरू करतो, मोठा आयपीवाला फक्त ऐकत बसतो. त्यामुळे मोठ्या आयपीच्या स्विचवर 'लिसन' दिसलं तर तिथे वेळ घालवू नका. खरी अडचण बहुधा लहान आयपीच्या बाजूला किंवा वाटेत सापडते.

- पिंग लूपबॅक सोर्स देऊन करा. साधा पिंग बाहेर पडणाऱ्या इंटरफेसच्या पत्त्यावरून जातो, म्हणून त्यावर विसंबू नका.
- वाटेतल्या एसीएल (ट्रॅफिक गाळणारे नियम) आणि फायरवॉलमध्ये 639 उघडा. परतीचा ट्रॅफिकही सुटला पाहिजे.
- एनीकास्ट आरपी (एकच पत्ता वाटून घेणारे अनेक रॉन्देव्हू पॉइंट, म्हणजे मल्टिकास्टचे भेट-बिंदू) असेल तर पिअरिंगसाठी आरपीचा सामायिक पत्ता कधीच वापरू नका. प्रत्येक स्विचला वेगळा लूपबॅक द्या, ओरिजिनेटर-आयडीही (एमएसडीपी संदेशात आरपी म्हणून जाणारा पत्ता) त्याचाच ठेवा.
- सिस्कोच्या नेक्सस स्विचवर एमएसडीपी फीचर मुळात चालू केलंय ना, तेही बघा.

मात्र पिअर 'अप' असूनही एसए कॅशे (आलेल्या 'सोर्स-ॲक्टिव्ह' संदेशांची साठवण) रिकामी असेल तर हा उपाय लागू नाही. तिथे बहुधा पिअर-आरपीएफ तपासणी (संदेश योग्य पिअरकडूनच आला का ते बघणं) किंवा एसए फिल्टर आड येत असतो. एकाच डोमेनमधले आरपी सगळे एकमेकांशी जोडलेले असतील तर मेश-ग्रुप (अशा पिअरचा एक गट) लावा, त्यात ही तपासणी होत नाही.