साके चाखताना आधी पाणी बघा

साके म्हणजे तांदळापासून केलेलं जपानी मद्य. सुरुवातच महागड्या दाइगिंजोने, म्हणजे तांदूळ खूप घासून केलेल्या उंची साकेने, करू नका. तिचा फळांसारखा सुवास पहिल्याच घोटात भुरळ घालतो आणि मग बाकी सगळं फिकं वाटतं. त्यापेक्षा नादा आणि फुशिमी इथल्या दोन साध्या जुनमाई (वेगळं अल्कोहोल न मिसळलेल्या साके) शेजारी शेजारी ठेवा. कोबेजवळच्या नादाचं ‘मियामिझु’ पाणी जपानच्या मानाने जड, म्हणजे खनिजं जास्त असलेलं. त्यात यीस्ट जोमाने काम करतं, म्हणून चव कोरडी, करारी. क्योतोतल्या फुशिमीचं पाणी त्याहून हलकं. साकेही मऊ, किंचित गोडसर. जुनी मंडळी पहिलीला पुरुषी, दुसरीला बायकी म्हणतात. मला ते पटत नाही, पण फरक जिभेला खरंच कळतो.

जपानमधल्याच निगाताची साके हलकी, स्वच्छ, कोरडी. कौतुक फार होतं तिचं, पण नुसती प्यायला मला जरा बेचवच वाटते. माशाबरोबर मात्र खुलते.

एक कराच: तीच जुनमाई एकदा थंड आणि एकदा ४५ अंशांपर्यंत गरम करून घ्या. बाटली गरम पाण्यात ठेवायची, थेट आचेवर नाही. गरम केल्यावर तांदळाची चव वर येते. घोट लहान घ्या. १५-१६ टक्के अल्कोहोल असतं, बिअर नव्हे ही.