पहाटे चारचा गजर आता बंद करा

प्रश्न : मुलाला दहावीला ९४ टक्के होते. तेव्हा मी रोज पहाटे चारला उठवून त्याला शेजारी बसवून अभ्यास घ्यायचे. आता तो अकरावी सायन्सला आहे, नीटची तयारी करतोय. कॉलेज, क्लास करून रात्री साडेबाराला झोपतो. चारला उठवलं तर टेबलावरच डुलक्या काढतो. रविवारी दुपारी दीडपासून साडेचारपर्यंत घोरत पडतो. पहिल्या टेस्टला ७२० पैकी २३८. त्याच्यासाठी मी शिवणकाम बंद केलं, मशीनचं स्टूल त्याच्या टेबलाशेजारी नेऊन बसते, तरी फरक नाही. शिस्त लागावी म्हणून लातूरला हॉस्टेलवर ठेवू का?
- एक आई, संगमनेर

उत्तर : ताई, २३८ गुण वाचून मला काहीच वाटलं नाही. अकरावी अजून अर्धीही झालेली नाही, एवढ्यात घाबरायचं कारण नाही. मी अडले ती त्या स्टुलापाशी.

पहाटेचे चार, टेबललॅम्प, आणि हातभर अंतरावर आई. तो पान उलटतो का हे तुम्ही बघताय, आणि तुम्ही बघताय का हे तो बघतोय. फिजिक्स शिरणार कुठून?

दहावीला हे जमलं, कारण धडा तुम्हालाही कळत होता. तुम्ही प्रश्न विचारायचात, तो उत्तरं द्यायचा. अकरावीचं रोटेशनल मोशन तुम्हाला कळत नाही, मलाही नाही. म्हणजे आता उरली नुसती राखण. तुम्ही शिवणकाम करणाऱ्या. दोन वर्षांपूर्वीच्या मापावर कुणाची पँट बेतता का हो?

आता त्या चारच्या गजराबद्दल. पहाटे डोकं ताजं असतं, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. माझे वडील साठीनंतर आपोआप चारला जागे व्हायचे आणि आम्हा भावंडांना आळशी म्हणायचे. खरं तर त्यांचंही वय होतं आणि आमचंही. वयात आल्यावर शरीराचं घड्याळ तास-दोन तास पुढे सरकतं, झोप आणणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा तयार होतं. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. तुमच्या मुलाला साडेतीन मिळतात. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं होतं तेही झोपेतच, म्हणजे रात्री अकरापर्यंत केलेला अभ्यास तुम्ही चारला उठवून पुसताय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आत भरवू नका. आपल्याकडे २०२४ मध्ये सरकारने शाळेची वेळ नऊनंतर नेली ती चौथीपर्यंतच्या मुलांची. मोठ्यांचा विचार घरीच करावा लागणार.

आणि नीटचा पेपर असतो दुपारी. २०२५ ला दोन ते पाच होता, १८० मिनिटांत १८० प्रश्न. तुमचा मुलगा रविवारी नेमका याच वेळेला घोरतो! रात्री साडेअकरा ते साडेसात झोपू द्या. सकाळचं कॉलेज असेल तर साडेदहालाच दिवा बंद. मग रविवारी जेवण लवकर उरकून दोनला घड्याळ लावून पेपर सोडवायला बसवा. आधी दोन रविवार नुसती झोप भरून काढू दे.

परीक्षांचं थोडक्यात : बायोलॉजीला ७२० पैकी ३६० गुण आहेत, पहिलं लक्ष तिथे. बारावीत सीईटीचा, म्हणजे फार्मसीसारख्या कोर्सेससाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्मही भरा, तिथे चुकलं तर गुण कापत नाहीत.

लातूर आत्ता नको. स्वतःहून गेलेली मुलं तिथे रमतात, शिक्षा म्हणून धाडलेली महिन्यात घरी फोन करून रडतात. शिवाय त्याला डॉक्टर व्हायचंय की नाही, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. विचारून बघा. उत्तर आवडलं नाही तर लगेच बोलू नका, दोन दिवस जाऊ द्या.

आता तुमचं. मुलगा सोळाचा झाला, त्याला आई लागते ती वेळेवर डबा देणारी, रात्री 'झोप आता' म्हणणारी. राखणीचं काम संपलं, तुम्ही मात्र अजून ड्युटीवर आहात. गिऱ्हाइकांनी दुसरीकडे कपडे टाकायला सुरुवात केली असेल, पण लग्नसराईत ब्लाउज शिवणारी बाई कुणाला नको असते? पाच-सहा जुन्या बायकांना फोन करा. स्टूल तेवढं आजच मशीनपाशी परत न्या, तो कॉलेजात असताना.