चौकटीबाहेरच्या तिघी

प्रिय मुली, सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो दोन संध्याकाळ समोर मांडून पाहिले. उजेड तुला कळतो, ते शिकवायची गरज नाही. पण तिसऱ्या फोटोतली नऊवारी कुणी नेसवली? काष्टा इतका नेटका बसलाय की नजर तिथेच थांबते. तुझ्या चिठ्ठीत मात्र लेन्सचं नाव आहे, त्या बाईचं नाही.

म्हणून एका मुखपृष्ठाबद्दल लिहिते. 'हार्पर्स बझार' हे अमेरिकेतलं फॅशन मासिक, मार्च १९४३. युद्धाचे दिवस. रेड क्रॉसच्या रक्तदान केंद्राचं काचेचं दार आणि त्याच्यापुढे गडद सूट घातलेली अठरा वर्षांची बेटी बॅकॉल. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांच्या पत्नीने तो अंक नवऱ्याला दाखवला आणि पुढच्याच वर्षी बेटी लॉरेन बॅकॉल म्हणून पडद्यावर आली. एवढी गोष्ट सगळेच सांगतात. मला त्या फोटोत न दिसणाऱ्या तिघी जास्त जवळच्या वाटतात.

मुलगी हेरली फॅशन संपादक डायना व्रीलँड यांनी. अंकाच्या संपादक होत्या कार्मेल स्नो. मासिकाची धुरा हाती येण्याआधीच, १९३३ साली, छायाचित्रकार मार्टिन मुंकाची यांच्याकडून त्यांनी पोहण्याच्या कपड्यांचे फोटो स्टुडिओत न काढता समुद्रकिनाऱ्यावर काढून घेतले होते. मॉडेल धावतेय, खांद्यावरची केप वाऱ्याने उडतेय. पुतळ्यासारख्या उभ्या राहणाऱ्या बायका तिथून चालू-पळू लागल्या.

आणि कॅमेऱ्यामागे लुईस डाल-वुल्फ. सॅन फ्रान्सिस्कोच्या कलाशाळेत त्यांनी आधी रंगांचा अभ्यास केला होता. त्यामुळे कोडाक्रोम फिल्म नवी होती तेव्हाही रंगीत फोटोची त्यांना भीती वाटली नाही. शटर दाबलं की काम संपलं, असं त्यांनी कधी मानलं नाही. छपाईची प्रुफं स्वतः तपासून रंग दुरुस्त करून घेत. १९३६ ते १९५८ अशी बावीस वर्षं त्या तिथे होत्या, ८६ मुखपृष्ठं केली. मग नवा कला-दिग्दर्शक आला आणि चित्रण चालू असताना त्याने त्यांच्या कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं. त्यांनी ते मासिक सोडलं.

तुझ्या वयाची असताना मला तो निव्वळ ताठा वाटला होता. आता तसं वाटत नाही. कपडे व्रीलँडनी बघायचे, अंक स्नोनी, आणि कॅमेऱ्यात एकटीने पाहायचं, हा विश्वास त्या कामाचा कणा होता असं मी मानते. तो मोडल्यावर तिथे राहायचं कशाला?

तेव्हा आधी साडी नेसवणाऱ्या बाईंना विचारून त्यांचं नाव फोटोखाली घाल. पुढच्या वेळी त्यांना तासभर लवकर बोलाव. कुठलं लुगडं, कुठल्या रंगाचं, ते त्यांना ठरवू दे. मध्ये बोलू नकोस. छापून घेतलेले फोटो घेऊनच ये. मोबाईलवर मी पाहणार नाही.

तुझी,
मावशी