शोकेसचा कागद आणि आमचं वाया गेलेलं वर्ष

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. तेरा वर्षांचा मुलगा, पहिलंच बेसबॉल शोकेस (फी भरून स्काउट-कोचना खेळ दाखवायचा मेळावा), बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग ताशी ७१ मैल, साठ यार्डांची धाव ८.१ सेकंदांत, इनफिल्डमधून थ्रो ६६ मैल आणि खाली शेरा 'हिट ३०, फील्ड ४०'. चार दिवसांत पुढच्या मोठ्या शोकेसचं आमंत्रण आलं, त्याची फी पहिल्याच्या दुप्पट. मुलात काही आहे का आणि हे पैसे भरावेत का, हे तुमचे दोन प्रश्न. २०१९ च्या जुलैत असाच एक कागद आमच्या फ्रिजवर लावलेला होता, म्हणून लिहितेय.

आधीच सांगते, मी कोच नाही आणि खेळाडू हेरणारी स्काउटही नाही. न्यू जर्सीत अकरा वर्षं बॅटरमागच्या जाळीच्या, बॅकस्टॉपच्या, मागे घडीच्या खुर्चीत बसून स्कोअरबुक लिहिलेली आई आहे. तुमच्या टेक्सासमध्ये मुलं वर्षभर बाहेर खेळतात, आमच्याकडे एप्रिलमध्येही हात गारठतात, त्यामुळे तुमच्याकडे काही गोष्टी वेगळ्या असतील. तुमच्या कोचचं म्हणणं वेगळं पडलं तर त्यांचं ऐका. फक्त कारण विचारा.

तो ३० आधी मनातून काढून टाका. २० ते ८० ची ही पट्टी व्यावसायिक स्काउटांची आहे. तिच्यावर ५० म्हणजे मेजर लीगमधला, अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधला, सरासरी खेळाडू. आठवीत जाणाऱ्या मुलाला त्या पट्टीवर मोजून काय कळणार? शिवाय जाणकार स्काउट दोन आकडे देतात, एक आजचा आणि एक पुढे कुठपर्यंत जाईल त्याचा. तुमच्या कागदावर एकच आहे. तो कुठला, हे ज्यांनी दिला त्यांना विचारा. उत्तर नीट आलं नाही तर तो आकडा अंदाजाने टाकलाय असं समजा.

७१ मैलांचंही तसंच. बॅट कुठली होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. बॅटवर 'यूएसए', 'यूएसएसएसए' किंवा 'बीबीकोर' यातला कुठलातरी शिक्का असेल, बॅट कुठल्या नियमांत बसते ते सांगणारा. यूएसएसएसएच्या हलक्या बॅटने चेंडू जोरात सुटतो. हायस्कूलमध्ये लाकडी नसलेली बॅट बीबीकोरचीच लागते, लांबी इंचांत आणि वजन औंसांत धरलं तर दोन्हींत तीनपेक्षा जास्त फरक चालत नाही. बॅट बदलली की तोच मुलगा, तीच स्विंग आणि आकडा खाली. चेंडू टीवर (उभ्या दांडीवर) ठेवलेला होता की समोरून टाकलेला, यानेही फरक पडतो. हे माहीत नसताना दोन मुलांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

मग बघायचं काय? माझं ठाम मत आहे की या वयात फाउल बॉल, म्हणजे बॅटला लागून हद्दीबाहेर गेलेले चेंडू, बघावेत. हिट नशिबाने लागते, कधी फील्डर झोपलेला असतो, पण फाउल खोटं बोलत नाही. मुलगा उजवा असेल आणि फाउल सारखे पहिल्या बेसच्या बाजूला (मागून बघताना उजवीकडे) जात असतील तर त्याची बॅट उशिरा पोचतेय. सगळे तिसऱ्या बेसकडे ओढले जात असतील तर घाई करतोय. चेंडू सरळ मागे, जाळीवर, आपल्या डोक्याकडे येत असेल तर वेळ अचूक आहे, बॅट केसभर खाली गेली एवढंच. मी स्कोअरबुकच्या समासात प्रत्येक फाउलसाठी छोटा बाण काढायचे. आमच्या मुलाच्या पानांवर मे महिन्यात सगळे बाण उजवीकडे होते, जुलैपर्यंत ते मागे वळले. जुलैच्या कागदावर या सुधारणेचा मागमूस नव्हता.

दुसरं म्हणजे तो कुठल्या चेंडूला हात लावत नाही. गुडघ्याखाली पडणारा चेंडू सोडताना डोकं स्थिर राहतं का, डोळे चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत सोबत जातात का, की आधीच शरीर बाहेर पडतं? दोन स्ट्राइक झाल्यावर, म्हणजे आणखी एक झाला की बाद, तोच मुलगा वेगळा दिसतो का? हे बॅटिंग केजमध्ये कळत नाही, मॅचमध्येच कळतं. बसायचं असेल तर डगआउटपेक्षा बॅटरची छाती दिसेल त्या बाजूला बसा. उजवा असेल तर पहिल्या बेसकडे. तिथून कंबर आधी वळते की हात आधी निघतात ते स्वच्छ दिसतं. हात आधी निघत असतील तर आज ७१ असो नाहीतर ८१, हायस्कूलच्या पिचरसमोर (चेंडू टाकणाऱ्यासमोर) तो अडकेल.

फील्डिंग मला बॅटिंगपेक्षा लवकर कळली, कारण मी साताऱ्यात शाळेकडून खो-खो खेळलेय. खो मिळालेला खेळाडू उठतानाच पहिलं पाऊल कुठे टाकतो, त्यावर गडी हाती लागणार की नाही ते ठरतं. शॉर्टस्टॉपचंही (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फील्डरचंही) तेच आहे. पिच, म्हणजे पिचरने टाकलेला चेंडू, बॅटरपाशी पोचताना चांगला फील्डर दोन्ही पायांवर हलकी उडी घेतो आणि चेंडू लागायच्या क्षणी जमिनीवर असतो, कुठल्याही बाजूला सुटायला तयार. जो टाचांवर उभा असतो त्याला सूर मारावा लागतो आणि लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. मी त्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या, धूळ न उडवता चेंडूपाशी पोचलेल्या पोराकडे बघते. ग्लोव्ह जमिनीला लागून, उघडा, शरीराच्या पुढे आहे का? चेंडू वर येताना हातही खालून वर येतो का, की वरून खाली झडप घालतो? ग्लोव्हमधून उजव्या हातात चेंडू जायला किती वेळ लागतो?

फोनवर घड्याळ लावून हे मोजता येतं. मेजर लीगमधला सरासरी उजवा बॅटर पहिल्या बेसला सुमारे ४.३ सेकंदांत पोचतो. म्हणजे शॉर्टस्टॉपचं पकडणं, पाय रोवणं, पहिल्या बेसकडे फेकणं, सगळं तेवढ्यात बसायला हवं. तुमच्या मुलाच्या वयाला अर्थातच जास्त वेळ मिळतो. पण ६६ मैलांचा थ्रो शोकेसमध्ये पाय जुळवून, धाव घेऊन, कुणी पळत नसताना केलेला असतो. मॅचमध्ये हळू थ्रो करून बाद करणारा मुलगा मला जास्त मोलाचा वाटतो.

आणि एक, दोन बेसमध्ये साठ फूट असलेल्या मैदानावरून तो नुकताच नव्वद फुटांच्या मैदानावर आलाय ना? अंतर दीडपट झालंय, शरीर तेवढंच आहे. या वर्षी सगळीच मुलं हळू आणि दुबळी दिसतात. ज्याला मिशी आधी फुटली तो चमकतो.

आता मूळ मुद्दा. आमचं नुकसान आकड्यांनी झालं नाही, त्यांच्या वर छापलेल्या चार अंकांनी झालं. नोंदणीच्या फॉर्मवर इयत्ता विचारली होती. मुलगा आठवी संपवून सप्टेंबरात नववीत जाणार होता, म्हणून मी 'नववी' भरलं. त्यांच्या यंत्रणेने ते 'नववी झालेला' असं धरलं आणि हायस्कूल संपण्याचं वर्ष, ज्यावरून मुलाचा वर्ग ठरतो, २०२३ ऐवजी २०२२ लावलं. कागदावर त्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत ते छापलेलं होतं. तो कागद वर्षभर आमच्या फ्रिजवर होता. रोज दूध काढताना मी त्याच्याकडे बघत होते, पण मला दिसायचे ते ठळक आकडे.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच. कोविडमुळे मार्च २०२० पासून मे २०२१ अखेरपर्यंत डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळाच्या तीन गटांतल्या सर्वांत वरच्या) कोचना मुलांना प्रत्यक्ष बघायला जायलाच बंदी होती. पाहणार काय, तर व्हिडिओ आणि ऑनलाइन प्रोफाइल. त्यात कॉलेजच्या खेळाडूंना खेळायला एक जादा वर्ष मिळालं, त्यामुळे संघ भरलेले. २०२० च्या शरद ऋतूत आमच्या ट्रॅव्हल टीमच्या (शाळेबाहेरच्या, गावोगाव खेळणाऱ्या संघाच्या) कोचला एका कॉलेजकडून निरोप आला, "मुलगा बरा आहे, पण २०२२ साठी आमच्याकडे जागा नाही, आणि त्या वर्गाच्या मानाने तो मागे वाटतो." तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं. पंधरा वर्षांच्या मुलाला वर्षभर सोळाच्या रांगेत उभं करून मोजलं जात होतं.

त्या शोकेसवाल्यांच्या ऑफिसचं नाव मी लिहिणार नाही, पण त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार मला अजून पाठ आहे. पहिल्या मेलला उत्तर आलं की माहिती पालकांनी भरलेली आहे, बदलता येत नाही. मी शाळेचं पत्र जोडलं, तर तक्रार क्रमांक मिळाला. तीन आठवड्यांनी तोच क्रमांक 'निराकरण झाले' म्हणून बंद. प्रोफाइलवर मात्र २०२२ तसंच. फोन केला तर बाई शांतपणे म्हणाल्या की नव्या शोकेसला नोंदणी केलीत की नवी माहिती आपोआप चढेल. म्हणजे चूक दुरुस्त करायला पुन्हा पैसे भरायचे. मी भरले नाहीत. नवऱ्याचं म्हणणं होतं भरून टाकूया, आणि आज मला वाटतं त्याचं बरोबर होतं. तत्त्वासाठी मी भांडत राहिले आणि ते वर्ष बदलून मिळेपर्यंत २०२१ चा उन्हाळा आला. तोवर मुलाने विचारणंच सोडून दिलं होतं. एकदा गाडीत तो म्हणाला, "आई, ते म्हणतात मी स्लो आहे, तर असेन." तो हळू नव्हता. चुकीच्या वर्गात बसवलेला होता. हे त्याला पटवून द्यायला मला आकडे बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आता तो डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजात सेकंड बेस खेळतो आणि खुशीत आहे. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, अभ्यासावर मिळालेल्या मदतीवर आमचं भागतंय. डिव्हिजन वनला तो गेलाच असता असा माझा दावा नाही. पण योग्य रांगेत उभं राहून नकार मिळायचा त्याचा हक्क होता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: मी असते तर पुढच्या महिन्याचं शोकेस सोडलं असतं. डिव्हिजन वनचे कोच अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाशी बोलूसुद्धा शकत नाहीत. तुमच्या हातात वर्षं आहेत. आमच्या इथल्या मिलव्हिलचा माइक ट्राउट, पुढे मेजर लीगचा मोठा तारा झालेला, २००९ च्या ड्राफ्टमध्ये (मेजर लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) चोवीस खेळाडू निवडून झाल्यावर घेतला गेला, तेही सतरा वर्षांचा असताना, सगळ्या स्काउटांनी बघून झाल्यावर. तेरा वर्षांच्या मुलाबद्दल कुणी खात्रीने काही सांगत असेल तर मी विश्वास ठेवणार नाही. ते पैसे बीबीकोर बॅट आणि चांगल्या ग्लोव्हसाठी ठेवा. मुलगा पिचिंगही करत असेल तर पिच स्वतः मोजा. मुलांच्या लिटल लीगमध्ये १३ ते १६ वयाला दिवसाला ९५ पिचची मर्यादा आहे, पण शनिवारी एका टीमकडून आणि रविवारी दुसऱ्या टीमकडून खेळला की ही बेरीज आपल्याशिवाय कुणीच करत नाही.

व्हिडिओ आत्तापासून जमवा. फोन आडवा धरा, गाणं लावू नका, चुकलेले दोन-तीन प्लेही राहू द्या. चूक झाल्यावर पुढच्या चेंडूला मुलगा पायांवर तयार असतो का, हे कोचना बघायचं असतं.

आणि आज रात्री तो कागद काढून त्याच्या नावाखालचं वर्ष वाचा. मुलगा ज्या वर्षी नववीत जाणार, त्यात चार मिळवा. तेवढं येत नसेल तर उद्या सकाळीच मेल करा, शाळेचं पत्र पहिल्याच मेलला जोडा, आणि काय उत्तर येतं ते इथे कळवा. माझ्याकडचा मेलचा मसुदा हवा असेल तर पाठवते.