थँक्सगिव्हिंगचं ग्रीन बीन कॅसरोल, जरा नव्यानं

फरसबी मश्रूम सॉसमध्ये मिसळून ओव्हनमध्ये भाजायची, असा हा अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग सणाचा पदार्थ. सूप बनवणाऱ्या कॅम्पबेल कंपनीच्या किचनमध्ये १९५५ साली जन्मलेला. मूळ कृती डबाबंद मश्रूम सूपची. पहिल्यांदाच करताय, तर सगळंच बदलायला जाऊ नका. फक्त तो डबा बाजूला ठेवा. मश्रूम बटरवर परता. आधी भरपूर पाणी सुटेल. ते आटून कडा तांबूस होईपर्यंत गॅसपासून हलू नका, खरी चव तिथेच येते. मग मैदा, दूध, चमचाभर मस्टर्ड. ताजी फरसबी मिठाच्या उकळत्या पाण्यात ३-४ मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग नीट कोरडी करा, नाहीतर सॉस पातळ होतो. वरचा तळलेला कांदा विकतचाच चालेल (उगीच जीव काढू नका), पण ओव्हनमधल्या शेवटच्या पाच मिनिटांतच घाला. लिंबाची साल किसून टाकलीत तर जड सॉस एकदम हलका लागतो.