बॉक्स मॉडमध्ये लिक्विड शिरतंय: इपॉक्सी ओतण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मँचेस्टरला राहता, अॅल्युमिनियमच्या पेटीत दोन १८६५० सेल (चार्ज होणारे लिथियम सेल) सिरीजमध्ये आणि एक मॉसफेट (बटणाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) घालून स्वतः बॉक्स मॉड, म्हणजे ई-सिगारेटची बॅटरी-पेटी, बनवलंय. टँकमधलं लिक्विड ५१० कनेक्टरमधून (टँक ज्यावर फिरवून बसवतात तो जोड) आत झिरपतं. हेअर ड्रायरने सुकवलं, दोन दिवस बरं चाललं, मग बटण न दाबताच पेटी गरम झाली. आता सगळं इपॉक्सीने भरून टाकू का, असं विचारताय.

इपॉक्सी ओतू नका. आणि पुढचं वाचण्याआधी सेल बाहेर काढून ठेवा. खरंच, आत्ता काढा.

आधी लिक्विडचा स्वभाव पाहू, कारण सुकवण्याचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. पाणी सांडलं तर ते उडून जातं. व्हेपचं लिक्विड म्हणजे मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. पहिल्याचा उत्कलनबिंदू १८८ अंश, दुसऱ्याचा २९०. ड्रायरच्या झोताने ते उडत नाही, उलट पातळ होऊन घटकांच्या खाली आणखी आत सरकतं. तांदळाच्या डब्यात ठेवूनही काही होणार नाही. शिवाय दोन्ही द्रव हवेतलं बाष्प ओढून घेतात. शुद्ध असताना ते विजेचे फार वाईट वाहक आहेत, म्हणून सांडल्या-सांडल्या काहीच बिघडत नाही. पण त्यात हळूहळू पाणी मुरतं, निकोटिनचे क्षार असतात, सोल्डरिंगच्या वेळचा फ्लक्स विरघळतो, आणि त्याच थरातून वीज झिरपू लागते. दोन दिवस चांगलं चालून मग बिघडलं, ते याचमुळे.

आता गरम का झालं ते. नेहमीच्या जोडणीत मॉसफेट ऋण बाजूला असतो: ५१०ची मधली पिन थेट सेलच्या धन टोकाला, बाहेरची बॉडी मॉसफेटच्या ड्रेनला, सोर्स ऋण टोकाला, आणि बटण धन टोक व गेट यांच्यामध्ये. गेटवर व्होल्टेज आलं की ड्रेनपासून सोर्सपर्यंतची वाट उघडते. बटण सोडलेलं असताना कॉइलमधून (टँकमधली तापणारी तार) ड्रेनवर दोन भरलेल्या सेलचे पूर्ण ८.४ व्होल्ट येऊन थांबलेले असतात. तुमचा मॉसफेट तीन पायांच्या काळ्या पॅकेजातला आहे. त्यात ड्रेन मधला पाय आणि गेट त्याच्या लगेच शेजारी, अडीच मिलिमीटरवर. म्हणजे ८.४ व्होल्ट आणि शून्य व्होल्ट यांच्यामध्ये फक्त एक थेंब मावेल एवढी जागा आहे.

तुम्ही गेट आणि सोर्समध्ये १५ किलो-ओहमचा रेझिस्टर लावलाय, बहुतेक आकृत्यांत तोच दिलेला असतो. लिक्विडच्या थराचा विजेला होणारा विरोध ३० किलो-ओहमपर्यंत उतरला की ड्रेनवरच्या व्होल्टेजचा तिसरा हिस्सा गेटवर पोचतो. मॉसफेट दोनेक व्होल्टला उघडायला लागतो असं धरा. तो पूर्ण उघडत नाही, कारण उघडायला लागला की ड्रेनचं व्होल्टेज पडतं आणि त्याबरोबर गेटचंही. मग तो मध्येच अडकतो: ड्रेनवर सहा व्होल्ट, ०.२ ओहमच्या कॉइलमध्ये बारा अँपिअर, आणि मॉसफेटच्या अंगावर सत्तरएक वॅट. कॉइलपेक्षा मॉसफेटच जास्त तापतो. फ्यूज इथे वाचवत नाही, कारण बारा अँपिअर हा त्याच्या दृष्टीने रोजचाच प्रवाह आहे. शेजारी दोन लिथियम सेल आहेत, म्हणून हे एवढं खुलवून लिहितोय. बटण न दाबता पेटी कोमट लागली की ती खिशात किंवा उशाशी ठेवायची नाही, सेल लगेच काढायचे.

यावर सर्वांत स्वस्त उपाय तो १५ किलोचा रेझिस्टर काढून १ किलोचा लावणं हा आहे. बटण दाबल्यावर त्यातून जेमतेम ८ मिलीअँपिअर जातात, कुठलंही साधं बटण ते सहज पेलतं. पण आता तीच अवस्था यायला लिक्विडचा विरोध दोन किलो-ओहमपर्यंत यावा लागेल, म्हणजे पंधरापट सवलत मिळाली. एवढ्या फायद्याची दुसरी दुरुस्ती मला माहीत नाही, आणि ती फार कमी लोक करतात याचं मला वाईट वाटतं.

आता धुणं. ग्लिसरीन आणि ग्लायकॉल दोन्ही पाण्यात विरघळतात, त्यामुळे सेल बाहेर असताना डिस्टिल्ड पाण्याने मऊ ब्रशने धुवा, मग ९९ टक्क्यांच्या आयसोप्रॉपिल अल्कोहोलने. फ्लक्स दुसऱ्या धुण्यात निघतो. हातमोजे घाला, निकोटिन कातडीतून शरीरात जातं. खिडकी उघडी ठेवा, अल्कोहोल पूर्ण उडू द्या, मगच सेल घाला. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार मागे राहतात.

धुऊन झाल्यावर मॉसफेटच्या प्रत्येक पायावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी (तापवल्यावर आवळणारी) स्वतंत्र चढवा. मग सोल्डरचे सांधे आणि रेझिस्टर यांवर कन्फॉर्मल कोटिंगचे (सर्किटवर लावायचा संरक्षक लेप) दोन पातळ हात. मी सिलिकोनचं घेतो. अॅक्रिलिकचं लावायला आणि दुरुस्तीला सोपं, पण लिंबू किंवा दालचिनीच्या फ्लेवरमधली द्रव्यं काही प्लास्टिकांना तडे पाडतात, त्यांच्यापुढे मला अॅक्रिलिकवर विसंबायचं नसतं. फ्लक्सवर कोटिंग चढवलंत तर घाण आत कोंडली जाईल, म्हणून क्रम पाळा. बटणाचे संपर्क आणि सेलची टोकं टेपने झाका. फटी बुजवायला सिलिकोन सीलंट वापरणार असाल तर व्हिनेगरचा वास येणारं नको, त्यातलं अॅसिटिक आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. हॉट ग्लू तर नकोच, गरम धातूवर तो सुटतो.

इपॉक्सीला माझा विरोध दोन कारणांसाठी आहे. एक, पुढच्या वेळी काही उघडता येणार नाही. दुसरं कारण मोठं आहे: सेल बिघडला तर त्यातला वायू बाहेर पडायला पेटीला भोकं हवीतच. सेलभोवती काहीही ओतायचं नाही आणि ती भोकं बुजवायची नाहीत. मग पेटी पूर्ण सीलबंद होऊच शकत नाही, आणि तसा प्रयत्नही नको. लिक्विड येणार हे गृहीत धरून त्याला वायरिंगपासून दूर जाणारी वाट काढून द्यायची, हेच खरं काम आहे. कौलारू घराच्या वळचणीला पन्हळ लावतात, तसं.

म्हणजे काय करायचं? ५१०च्या खाली आतून एक छोटी वाटी बसवा, पीईटीच्या बाटलीचं झाकणसुद्धा चालतं, आणि तिच्या तळातून बारीक सिलिकोन नळी पेटीबाहेर काढा. पिनची वायर वाटीतून बाहेर पडते तिथे न्यूट्रल सिलिकोन लावा. वायरला खाली एक झोल द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेला थेंब झोलाच्या तळाशी गळेल, मॉसफेटपर्यंत चढणार नाही. मॉसफेट आणि बटण कनेक्टरच्या थेट खाली नकोत, शक्यतो दुसऱ्या टोकाला. कनेक्टर बसवताना पेटी आणि त्याची कड यांच्यात नायट्राइलची ओ-रिंग घाला. स्प्रिंगवाली पिन मात्र तिच्या बाजूने थोडं झिरपवतेच, तिच्याकडून फार अपेक्षा नको.

टँकबद्दल एवढंच, की हवेची भोकं तळाशी असलेला टँक बदला आणि वरून हवा घेणारा घ्या. तुमच्याकडच्या थंडीतून गरम खोलीत आलं की टँकमधली हवा फुगते, लिक्विडही पातळ होतं आणि खालच्या भोकांतून बाहेर ढकललं जातं. बरीच गळती तिथेच थांबेल.

भारतातून वाचणाऱ्यांना सांगायला हवं: आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं यांवर बंदी आहे. हे उत्तर जिथे ते कायदेशीर आहे तिथल्यांसाठी आहे.

जोडून झालं की सेल घालण्याआधी मल्टीमीटरने दोन मोजमापं घ्या. टँक काढून, लाल टोक ५१०च्या बॉडीवर आणि काळं गेटच्या पायावर. उलटं धरलंत तर मॉसफेटच्या आतल्या डायोडमुळे (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) फसवं रीडिंग येईल. काही मेगा-ओहम किंवा त्याहून जास्त दिसायला हवं. कमी दिसलं तर पायांमध्ये अजून लिक्विड आहे, पुन्हा धुवा. मग टँक चढवून तेच मोजा. आता मीटरला कॉइलमधून बटणाची वाटही दिसते. पहिलं रीडिंग चांगलं आणि दुसरं पडलेलं असेल तर लिक्विड बटणात शिरलंय. बटण धुत बसू नका, नवीन लावा.